आमदाराचं आयुष्य: अंगणातली गर्दी आणि सभागृहातला कागद

प्रश्न असा आला होता: "मी २९ वर्षांची आहे, ग्रामपंचायत सदस्य आहे. पुढे विधानसभेपर्यंत जायची इच्छा आहे. आमदाराचं रोजचं आयुष्य आणि कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते? आणि सभागृहात बोलून खरंच काही होतं का?"

ताई, मी २२ वर्षं आमदारांकडे स्वीय सहाय्यक होतो. पहिले साहेब बहुतेक काळ विरोधी बाकावर होते, दुसरे सत्ताधारी. तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण लोक तो सहसा विचारतच नाहीत. सभागृहात बोलून होतं. पण नुसतं बोलून होत नाही. बोलण्याआधी कागद तयार लागतो आणि बोलून झाल्यावर त्या कागदाच्या मागे फिरावं लागतं.

आमच्या तालुक्यात एका मोठ्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत बांधून तयार होती आणि तीन वर्षं कुलूपबंद होती. गावाला वाटायचं, डॉक्टर यायला तयार नाहीत. आम्ही तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, दिला. मसुदा मीच केला होता, तेव्हा नवा होतो. लिहिलं, "केंद्र बंद असल्याने ग्रामस्थांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?" उत्तर आलं, "हे खरे नाही. नजीकच्या केंद्रातून आरोग्यसेवा पुरविण्यात येते." त्याखालच्या पोटप्रश्नांना, "प्रश्न उद्भवत नाही." तीन ओळींत विषय संपला. दोष उत्तर लिहिणाऱ्याचा नव्हता. त्याला निसटायला जागा मी ठेवली होती.

पुढच्या अधिवेशनाआधी मी जिल्ह्याला जाऊन बसलो. इमारत कोणत्या तारखेला पूर्ण झाली, खर्च किती झाला, पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या जावक क्रमांकाने वर गेला, मंत्रालयात कोणत्या कार्यासनाकडे, म्हणजे खात्याच्या कोणत्या शाखेकडे, पडून आहे, हे सगळं काढलं. खरी अडचण तिथे होती: इमारतीला मंजुरी होती, पण डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता ही पदंच मंजूर नव्हती. पद नाही तर माणूस येणार कुठून? दुसऱ्या प्रश्नात हे सगळे तपशील घातले. आता "हे खरे नाही" लिहिता येत नव्हतं. उत्तर आलं, "होय, हे खरे आहे. पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे." आमचं नशीब, त्या दिवशी आमचा प्रश्न यादीत वर होता आणि प्रश्नोत्तराच्या तासात पुकारला गेला. साहेबांनी उभं राहून एकच उपप्रश्न विचारला: किती दिवसांत? मंत्री म्हणाले, तीन महिन्यांत. तो शब्द कार्यवाहीत नोंदला गेला, आणि नोंदला गेला म्हणजे ते आश्वासन झालं. विधिमंडळाची आश्वासन समिती अशा शब्दांचा हिशोब ठेवते. तीन महिन्यांचे चौदा महिने झाले. दर महिन्याला त्या कार्यासनाच्या कक्ष अधिकाऱ्यासमोर जाऊन उभं राहणं हेच माझं काम होतं. पण डॉक्टर आले. पहिल्या पावसाळ्यात तिथे सर्पदंशाचा एक मुलगा वाचला. त्याचे वडील पेढे घेऊन साहेबांकडे आले, तेव्हा साहेब मला म्हणाले, "तो प्रश्नाचा कागद जपून ठेव." तो अजून माझ्याकडे आहे.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण आमदारकीचा गाभा मला इथे दिसतो. बाकीची बरीच कामं आमदाराशिवाय दुसऱ्या कुणालाही करता येतात. मंत्र्याला सभागृहात उभं करून लेखी, नोंदलेलं उत्तर घेणं हे फक्त सदस्यालाच करता येतं.

आयुधं म्हणतात ती बरीच आहेत. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावे लागतात, त्यातले थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. तातडीचा सार्वजनिक महत्त्वाचा विषय असेल तर नियम १०५ ची लक्षवेधी सूचना, म्हणजे मंत्र्याचं लक्ष त्या विषयाकडे वेधणं. त्यात मंत्र्याचं लेखी निवेदन आधी हातात मिळतं, आणि चांगला आमदार त्या निवेदनातल्याच एखाद्या वाक्यावर बोट ठेवतो. ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणारा नियम ९७ चा स्थगन प्रस्ताव बहुधा फेटाळला जातो, तरी विषय मांडायची दोन मिनिटं मिळतात. नियम २९३ च्या चर्चेत मोठं भाषण करता येतं. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे रक्कम कमी करा अशा सूचना, देता येतात. थोडक्यात विषय मांडायला औचित्याचा मुद्दा असतो, मंत्री नसलेल्या सदस्याला मांडता येणारं अशासकीय विधेयक असतं. नवे सदस्य सगळ्यावर एकदम हात टाकतात. माझं मत, पहिल्या दोन वर्षांत दोनच विषय धरावेत आणि प्रत्येक अधिवेशनात त्यांच्या मागे लागावं. पाणी आणि आरोग्य म्हणा, शाळा आणि रस्ते म्हणा. खात्याचे अधिकारी तुम्हाला त्या विषयावरून ओळखू लागले की तुमचं पत्र टपालात हरवत नाही.

आता दिवस कसा जातो ते. अधिवेशनं वर्षाला तीन: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. १९५३ च्या नागपूर कराराची ती आठवण. तिन्ही मिळून प्रत्यक्ष कामकाजाचे दिवस फारसे नसतात. उरलेलं सगळं वर्ष मतदारसंघाचं. सकाळी साडेसहाला अंगणात माणसं बसलेली असतात. कुणाच्या मुलाची बदली, कुणाचं रोहित्र जळालेलं, कुणाची आई मुंबईला मोठ्या इस्पितळात आणि खाट मिळत नाही, कुणाचं संजय गांधी निराधार योजनेचं प्रकरण अडकलेलं, कुणाचा बांधाचा वाद. शेवटच्यात पडू नका, दोन्ही घरं तुटतात. नऊनंतर दौरा. लग्नसराईत एका दिवसात पंधरा-वीस लग्नं मी स्वतः डायरीत लिहिली आहेत. त्यात दहावं, वास्तुशांती, हरिनाम सप्ताह, कुस्त्यांचं मैदान. रात्री अकराला घरी, तेव्हाही ओट्यावर दोघं असतातच.

याला लोक वेळेचा अपव्यय म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. दहाव्याला गेल्यावर त्या घरात विधवा पेन्शन सुरू झालं का, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का, हे कळतं. सभागृहातले आमच्या साहेबांचे निम्मे प्रश्न असल्याच ओट्यांवर सापडले. पण हेही तितकंच खरं की डायरी गावाच्या हाती गेली की वाचायला वेळ उरत नाही. पहिल्या साहेबांनी नियम केला होता, बुधवारी दुपारी दोन ते पाच दार बंद. मंत्री आले तरी. त्या तीन तासांत ते अर्थसंकल्पाची पुस्तकं, शासन निर्णय, जुनी कार्यवाही वाचायचे. सुरुवातीला लोक रागावले. वर्षभरात गावोगाव माहीत झालं की बुधवारी साहेब अभ्यास करतात, आणि लोक मंगळवारी येऊ लागले.

शिफारसपत्राबद्दल एक गोष्ट ऐकून ठेवा. आमदाराचं लेटरहेड फार लवकर स्वस्त होतं. दिवसाला पन्नास पत्रं गेली की अधिकारी एकही वाचत नाही. आम्ही दोन प्रकार केले होते. साध्या पत्रावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी". ज्या कामामागे खरंच उभं राहायचं असेल त्या पत्रात शासन निर्णयाचा क्रमांक, आधीच्या अर्जाची तारीख आणि शेवटी "केलेली कार्यवाही कळवावी". अधिकाऱ्याला फरक लगेच कळतो. मग मी आठव्या दिवशी आवक क्रमांक विचारायचो, पंधराव्या दिवशी नस्ती, म्हणजे फाईल, कुठे आहे ते.

निधीचा गैरसमज मोठा आहे. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची रक्कम २०२२ पासून वर्षाला ५ कोटी झाली. ऐकायला मोठी. महाराष्ट्रात एका मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांच्या वर मतदार आहेत, म्हणजे माणशी दीडशे रुपयेही नीट पडत नाहीत. दीडशे गावं असतील तर गावाला साडेतीन लाखही नाहीत. एका गल्लीचं काँक्रीट होतं. शिवाय आमदार फक्त काम सुचवतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून, तांत्रिक मान्यता अभियंत्याची, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. खरा पैसा दुसरीकडून येतो: ग्रामविकासाचा पंचवीस-पंधरा (२५१५ या लेखाशीर्षाचा निधी; लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं), रस्त्यांचे लेखाशीर्ष, जिल्हा नियोजन समिती, पुरवणी मागण्या म्हणजे वर्षाच्या मध्येच मंजूर होणारा जादा खर्च. एखादा पूल अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एका ओळीने यावा म्हणून दोन-दोन वर्षं जातात. ती ओळ शोधता येणं, वाचता येणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकता येतं.

समित्यांबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही. लोकलेखा (सरकारी खर्चाचा हिशोब तपासणारी), अंदाज, सार्वजनिक उपक्रम, विनंती अर्ज, अनुसूचित जमाती कल्याण, पंचायत राज म्हणजे पीआरसी. पीआरसी येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत महिनाभर आधी दप्तरं लावली जातात, हे तुम्ही ग्रामपंचायतीत पाहिलं असेलच. समितीत पत्रकार नसतात, त्यामुळे आरडाओरड करून फायदा नसतो. वेगवेगळ्या पक्षांचे आमदार शेजारी बसून एकाच सचिवाला एकच प्रश्न विचारतात. साहेब मंत्री कधी झाले नाहीत, पण म्हणायचे, राज्य कसं चालतं ते मला लोकलेखा समितीने शिकवलं. संधी मिळाली तर मानाच्या समितीपेक्षा कामाची समिती मागा.

एका आमदाराच्या हातून किती मोठं काम होऊ शकतं याचं उदाहरण म्हणून मी नेहमी वि. स. पागे यांचं नाव घेतो. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही रोजगार हमीची कल्पना त्यांची. सांगली जिल्ह्यात छोट्या प्रमाणावर प्रयोग झाला, मग राज्यभर योजना, मग १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, तोच जो आजही पगारातून कापला जातो. राष्ट्रीय रोजगार हमी कायदा २००५ चा, म्हणजे त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी. विधिमंडळाच्या प्रशिक्षण केंद्राला पाग्यांचंच नाव आहे. ते मंत्रिपदावर नव्हते हे लक्षात घ्या.

कारकिर्दीच्या वाटेबद्दल. आपल्याकडे जिल्हा परिषद ही आमदारांची शाळा राहिली आहे. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग जिल्हा परिषद, १९८० मध्ये आमदार. आर. आर. पाटील आधी जिल्हा परिषदेत होते, १९९० मध्ये तासगावमधून विधानसभेत आले, आणि ग्रामविकास मंत्री झाल्यावर गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं. खालून आलेल्या माणसाला ग्रामसेवक कुठे अडतो आणि कुठे अडवतो, हे ठाऊक असतं. तुम्ही त्या वाटेवर आहातच. पण तुम्हाला एक वेगळी भिंत लागेल आणि ती लपवून ठेवणं बरं नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा आहेत. विधानसभेत २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर ती लागू व्हायची आहे. तोवर तिकीट देणाऱ्या खोलीत तुमच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं, नाहीतर बूथवार तुमची ताकद दिसायला हवी. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा.

कायद्याने लागतं ते थोडं आहे: वय २५ पूर्ण, मतदार यादीत नाव, १० हजार रुपये अनामत, अनुसूचित जाती-जमातीसाठी निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं न मिळाल्यास अनामत जाते. खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. तो दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. पण निवडणूक महाग झाली आहे, हे तुम्ही गावात पाहताच. मी तरुणांना कळकळीने सांगतो, ज्याचे पैसे घेऊन निवडणूक लढाल त्याच्या कामाचं पत्र पहिल्या महिन्यात तुमच्या टेबलावर येईल. ठेकेदाराच्या पैशावर निवडून आलेला आमदार रस्त्याच्या दर्जावर लक्षवेधी लावू शकत नाही. मी हे जवळून पाहिलं आहे आणि ते पाहताना फार त्रास झाला. एक चांगला, अभ्यासू माणूस दुसऱ्या वर्षी सभागृहात गप्प बसायला लागला. वर्गणी काढा, लहान रकमा घ्या, कमी गाड्या फिरवा. हरलात तरी पुढच्या वेळी मोकळ्या राहाल.

पक्षाबाबत. प्रतोदाचा, म्हणजे सभागृहात पक्षाची शिस्त राखणाऱ्या सदस्याचा, पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान केलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, सदस्यत्व जाऊ शकतं. १९८५ मध्ये हे आलं. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर सदस्यत्व वाचायचं, ती सवलत २००३ मध्ये काढली. निर्णय अध्यक्षांचा. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ गटाचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात ११ मे २०२३ रोजी सांगितलं. म्हणजे विधेयकावर तुमचं मत वेगळं असलं तरी मतदान पक्षाबरोबर. मग वेगळं मत मांडायचं कुठे? विधेयक येण्याआधी पक्षाच्या बैठकीत, समितीत, आणि विधेयकाच्या खंडशः, म्हणजे कलमवार, चर्चेत दुरुस्ती सुचवून. तिथे अभ्यास असलेल्या आमदाराचं मंत्री ऐकतात. मी दोनदा पाहिलं आहे, मंत्र्याने शब्द बदलून घेतला.

गोंधळ घालण्याचा मोह होईल, कारण संध्याकाळी बातमीत तोच दिसतो. अध्यक्षांसमोरच्या राजदंडाला हात लावणं, फलक फडकावणं. कधी कधी सगळे मार्ग बंद झाल्यावर विरोधकांना दुसरं काही उरत नाही, हेही मी मान्य करतो. पण निलंबन झालं की त्या दिवसाचा तुमचा प्रश्न कुणी विचारत नाही. २०२१ मध्ये १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. अधिवेशनापलीकडचं असं निलंबन घटनाबाह्य आहे, असं न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ठरवलं, पण मधली अधिवेशनं गेली ती गेलीच.

आता हरण्याविषयी, कारण त्याशिवाय कारकीर्द पुरी होत नाही. विलासराव १९९५ मध्ये आपल्या लातूरमध्ये हरले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, १९७२ ला हरले, १९९५ ला हरले, आणि तरी एकूण ११ वेळा आमदार झाले. शेतकरी कामगार पक्षासारख्या छोट्या पक्षातून, बहुतेक काळ विरोधी बाकावरून, एसटीने प्रवास करत, दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न धरून. २०१९ मध्ये त्यांनी स्वतःहून थांबायचं ठरवलं, २०२१ मध्ये ते गेले. सभागृहात ते उभे राहिले की दोन्ही बाजू शांत व्हायच्या. मी गॅलरीतून ते पाहिलं आहे.

आमचे पहिले साहेब हरले त्या रात्री अकराला अंगण रिकामं झालं. सकाळी साडेसहाला मी सवयीने गेलो, तर एकच म्हातारी बसली होती, निराधारच्या प्रकरणासाठी. तिला निकाल माहीत नव्हता. साहेब म्हणाले, "कागद घे." मी घेतला. मग त्यांनी माजी आमदार म्हणून तहसीलदारांना पत्र लिहिलं, त्याच पद्धतीने, शासन निर्णयाचा क्रमांक घालून. पाच वर्षं ते असेच बुधवारी वाचत राहिले आणि पुढच्या निवडणुकीत परत आले. वहिनींना या पाच वर्षांत काय सोसावं लागलं ते मात्र कुणी विचारलं नाही. मुलाची फी, गाडीचा हप्ता, फोन न उचलणारे जुने कार्यकर्ते. माजी आमदारांना निवृत्तिवेतन आहे, त्यावर घर चालतं, राजकारण चालत नाही. घरच्यांशी हे आधीच बोला. निवडून आल्यावरचं आयुष्य आणि पडल्यावरचं आयुष्य, दोन्ही त्यांना मान्य आहेत का ते विचारा. शक्य असेल तर स्वतःचा व्यवसाय, शेती, वकिली, जे असेल ते सोडू नका.

आता लगेच काय करता येईल? हिवाळी किंवा पावसाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराकडून प्रेक्षक गॅलरीचा पास घ्या आणि प्रश्नोत्तराचा तास बसून पाहा. तारांकित प्रश्नांची छापील यादी मिळवा आणि आपल्या जिल्ह्याचे प्रश्न वाचा. कोणत्या प्रश्नाला "होय" उत्तर आलं आणि कोणत्याला "प्रश्न उद्भवत नाही", हे खुणा करून बघा. दोन अधिवेशनांत तुम्हाला मसुदा करता येऊ लागेल. आणि तुमच्या पंचायत समितीची आमसभा होते, आमदार अध्यक्ष असतात, सगळ्या खात्यांचे तालुक्याचे अधिकारी समोर बसलेले असतात. यंदा तिथे तुमच्या गावाचा एकच विषय घेऊन जा: तारीख, रक्कम, अर्जाचा क्रमांक, सगळं लेखी. उभं राहून वाचा, उत्तर इतिवृत्तात घ्यायला सांगा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊनच खाली बसा.